फिलिंतोची नववी

बिसाव, १९ ऑक्टोबर २००६

ओदेत पोरी,

तुमच्या बेटावरून निघाले त्याला सहा दिवस झाले. आल्या आल्या गेस्ट हाउसच्या मालकिणीने विचारलं, भाचा कसा गेला? मी म्हटलं, शाळेला जाताना होडी उलटली, बुडाला. ती अरेरे म्हणाली, आणि त्याच दमात म्हणाली की उद्या बारा फ्रेंच माणसं येताहेत, बेटांवर मासे धरायला जाणारी, त्यांना जेवणात कालवं हवीत. ज्या पाण्याने आपला फिलिंतो गिळला त्या पाण्यावर हौसेने फिरायला लोक विमानातून येतात. मी डोळे पुसले आणि कालवं उकडली.

आता तूही डोळे पूस आणि कामाचं ऐक. बुबाक बेटावरच्या शाळेत सातवीची तुझी जागा एक नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवायला मी सांगून आले आहे. अंगोरेची शाळा सहावीला संपते, आणि सहावी झालेली मुलगी तिथेच बसली की दोन वर्षांत तिच्या कडेवर पोर असतं. तुझी आई म्हणेल, एक लेकरू शाळेच्या वाटेवर गेलं, दुसरं पाठवणार नाही. तिचं काही चुकत नाही. पण तू ऐकू नकोस.

दुसरी गोष्ट याहून वाईट. फिलिंतोला पुरलं त्या दिवशी म्हाताऱ्या बायका तुझ्याकडे बघत होत्या, बाजारात कोंबडी उचलून बघतात तशा. आणि पूर्वजांची झोपडी राखणारी ती ओकिंका तर नजरेने तुझे खांदे मोजत होती. रानात दीक्षेला बसून पुरुष होण्याआधी मुलगा मेला की त्याला पलीकडे जागा मिळत नाही, तो किनाऱ्यावरच खोळंबतो. मग घरातल्या एखाद्या मुलीने त्याला अंगावर घ्यायचं आणि त्याच्या वतीने रानात बसायचं. ते किती महिने, कोण मोजतं? तुझी सातवी गेली म्हणून समज.

तू डोक्याने तल्लख आहेस. काहीतरी युक्ती काढ. घोंगडं भिजत ठेवू नकोस.

तुझी,
लिंदामावशी

*

अंगोरे, ६ नोव्हेंबर २००६

लिंदामावशी,

बेलार्मिनोने तुझं पत्र होडीतून आणलं तोवर एक तारीख उलटून गेली होती. सातवीची जागा गेली. पण कपाळाला हात लावू नकोस, कारण येत्या शुक्रवारी मी बुबाकच्या शाळेत जाते आहे. सातवीत नाही, नववीत.

सगळं नीट सांगते. बायका आल्या आणि मला घेऊन गेल्या. आईने माझी वेणी सोडून दिली. गवताचा घागरा, अंगाला पामतेल, तोंडाला पांढरी माती, हातात फिलिंतोचं वल्हं. नेमकी त्याच वेळी पलीकडच्या बेटावरच्या हॉटेलची मोटरबोट आली आणि सात-आठ गोरी माणसं किनाऱ्यावर उतरली. त्यांच्या वाटाड्याने त्यांना सांगितलं की लग्न आहे. एका बाईने नवरा कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्या शहाण्याने माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी फोटो काढले. मला हसू येत होतं, आणि हसले असते तर मार पडला असता.

मग ओकिंकाने जमिनीवर ताडी ओतली आणि तीनदा विचारलं, "फिलिंतो, तुझं काय राहिलं?" याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. रान राहिलं, असं म्हणायचं असतं. पण तू लिहिलंस ना युक्ती काढ म्हणून, ती मी तुझं पत्र यायच्या आधीच काढून ठेवली होती. म्हणायचं, शाळा राहिली. मेलेल्याचं जे राहिलं ते पुरं करावंच लागतं, त्यावर कुणाचं काही चालत नाही.

एका बाईने तोंडावर हात ठेवला. ओकिंका म्हणाली, "मग तिकडे ने त्याला." झालं! बुबाकचे मुख्याध्यापक आपल्याच बेटांकडचे आहेत. त्यांनी निरोप धाडला की हजेरीत नाव आहे, त्या नावाला जो ओ देईल तो बसेल. एकदा आत बसले की हळूच सातवीत सरकता येईल.

आता खरं सांगू का? तुझ्यापासून लपवत नाही. मी फक्त शाळा म्हणणार होते. तोंडातून निघालं, "नववी राहिली. नाव घातलेलं आहे." नाव घातलेलं आहे हे मला माहीतच नव्हतं, आम्हाला वाटत होतं की त्या दिवशी तो नाव घालायलाच निघाला होता. तो ऑगस्टमध्ये एकटाच जाऊन घालून आला होता, असं आता कळलं.

तुझी,
ओदेत

*

बिसाव, २० नोव्हेंबर २००६

ओदेत,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की मालकीण आत डोकावून गेली. ज्या ओकिंकापुढे गावचे पुरुष मान वर करत नाहीत, तिला चौदा वर्षांच्या पोरीने गुंडाळलं! शाबास. नाव घातल्याचं तू त्याच्याच तोंडून कधीतरी ऐकलं असशील आणि विसरली असशील. डोक्यात जाऊन बसतात अशा गोष्टी.

हसून झाल्यावर मात्र माझं जेवणात लक्ष लागलं नाही. म्हणून जे तुझ्या आईलाही कधी बोलले नाही ते तुला लिहिते.

मी पंधरा वर्षांची असताना माझा मामेभाऊ अर्मिंदो ताडाच्या झाडावरून पडून गेला. त्याला मी अंगावर घेतलं. तेव्हा भाताची पेरणी चालू होती, मी पाटी कमरेला लावून बी टाकत होते, एवढं आठवतं. त्यानंतर आठवते ती पुढच्या वर्षीची पेरणी. मधलं वर्ष नाही. पाठीवर सात चरे आहेत, ते कुणी आणि कधी काढले ते मला ठाऊक नाही. लोक सांगतात त्या वर्षात मी झाडाच्या खोडातून अख्खी होडी कोरली. ती होडी पुढे बरीच वर्षं चालली, मी स्वतः तीत बसले आहे. मला आज साधा चमचा कोरता येत नाही.

कळलं का, पोरी? त्या काळात जे शिकतो ते मेलेला शिकतो, आणि जाताना आपल्याबरोबर घेऊन जातो. आपल्या हाती फक्त चरे राहतात. म्हणून मी बेट सोडलं.

तेव्हा तुझं हे सोंग सोंगच राहू दे. ते एक दिवसही खरं होऊ देऊ नकोस. हजेरीला ओ दिलीस तरी मनात स्वतःचं नाव घे. आणि प्रत्येक पत्राखाली ते लिही, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही.

लिंदामावशी

*

बुबाक, १४ जानेवारी २००७

लिंदामावशी,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रविवारीच काय तो वेळ मिळतो.

इथे मी तुझ्या त्या बुबाकच्या मैत्रिणीच्या घरी राहते, सुखात आहे. ती भाताबरोबर रोज शिंपल्या वाढते आणि तुझी आठवण काढते, म्हणजे तुला नावं ठेवते. शाळेत मुलं पहिल्या आठवड्यात फार हसली. मागच्या बाकावरचे दोघे तर मला "फिलिंतोशेट, दाढी कधी येणार?" म्हणून हाका मारायचे. आता हसत नाहीत. आपल्याकडच्या बेटांवरची मुलं माझ्या बाकावर बसत नाहीत. बुबाकची बसतात.

सातवीत सरकायचं म्हणत होते ते अजून जमलं नाही. खरं तर गरज पडली नाही. मला गणित येतंय, मावशी! सहावीत अपूर्णांकांनी रडवलं होतं ते आठवतं ना तुला? परवा म्हणे मास्तरांनी फळ्यावर बोलावलं आणि खडू आपोआप चालत गेला. वर्गात तिसरा क्रमांक आला.

एकच गोष्ट विचारायची होती. हजेरी होते, मी ओ देते, मनात माझं नाव घेते, तू सांगितल्याप्रमाणे. मग शाळा सुटल्याची घंटा होते. मधलं मला आठवत नाही. वही बघावी तर पाच पानं भरलेली असतात, नीट, समास सोडून. मधल्या सुट्टीत कुणाशी बोलले, काय खाल्लं, काही नाही. अभ्यासात इतकी गुंगते का मी? तुझं त्या वर्षाचं असंच होतं का, की निराळं होतं?

हॉटेलवाल्यांना माझा सुगावा लागला आहे. आता शनिवारी मासे धरून कंटाळलेली गोरी माणसं शाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहतात. मेलेल्या मुलाची नववी शिकणारी मुलगी बघायला. जाताना वह्या, पेनं, एकदा तर नवा फळा देऊन गेली. मास्तर म्हणतात, तू आहेस तोवर शाळेची चंगळ आहे. ते शनिवारही मला आठवत नाहीत, मैत्रिणींनी सांगितलं.

काळजी करू नकोस. बघ, खाली नाव लिहिते आहे.

ओदेत

*

बिसाव, २ मार्च २००७

ओदेत,

हे पत्र मिळेल त्या शुक्रवारच्या बोटीने निघून ये. सामान नको. कुणाला विचारू नकोस.

काल एक जर्मन जोडपं बेटांवरून परत आलं. नवऱ्याला माझी कालवं आवडली, म्हणून कौतुकाने स्वयंपाकघरात येऊन कॅमेऱ्यातले फोटो दाखवत बसला. कासवं, पाणघोडे, मग तुमची शाळा. खिडकीतून काढलेला फोटो. फळ्यापाशी तू उभी आहेस. मी म्हटलं, ही माझी भाची. मग माझं लक्ष तुझ्या पायांकडे गेलं.

तुझी उजवी टाच उचललेली होती. आठ वर्षांचा असताना फिलिंतोच्या त्या टाचेत पाकटाचा काटा शिरला होता, तेव्हापासून तो टाच कधी टेकवत नसे. लोक म्हणायचे, हा कायम निघायच्या तयारीत. मी त्या माणसाला सांगितलं, पुढचा दाखवा. पुढच्याही फोटोत तसंच. तुझे पाय चांगले आहेत, पोरी. तुला कुठे काय टोचलंय?

ते गणित तुझं नाही. तो तिसरा क्रमांक तुझा नाही. तेव्हा मी हसले, मूर्खच होते, मला माझ्या पाठीवरून कळायला हवं होतं. सातवी पुढच्या वर्षी मिळेल, मी मुख्याध्यापकांच्या पायाशी बसेन. पण आता वर्गात पाऊल टाकू नकोस. मला तू हवी आहेस, तुझी नववी नको.

शुक्रवारी धक्क्यावर उभी राहते.

मावशी

*

बुबाक, २५ मार्च २००७

लिंदाबाई,

दोन शुक्रवार तू धक्क्यावर उभी राहिलीस, असं कळलं. उन्हात उभी राहू नकोस, तुझं डोकं दुखतं.

ओदेत बरी आहे. इथेच आहे, गप्प असते. तिला वाईट वागवत नाही, ती माझी बहीण आहे. रविवारी तिला मोकळं सोडत होतो, पण परीक्षा जवळ आल्यावर रविवारही लागतात.

मला रान नको होतं, हे तिने बरोबर ओळखलं. रानात सगळेच बसतात. आपल्या बेटावरून नववी कुणी पास झालेलं नाही. जूनमध्ये परीक्षा आहे. भूमिती अजून कच्ची आहे.

आईला पाणी थंड होतं म्हणून सांगू नकोस. पटकन झालं म्हणून सांग.

फिलिंतो

*

बिसाव, ९ एप्रिल २००७

फिलिंतो,

तू हे वाचत नसशील आणि ओदेतच कुठे हसत बसली असेल, तर कान उपटून हातात देईन. पण अक्षर मी ओळखते. तुझी पहिलीची पाटी मी धुतली आहे.

बुबाकला यायला निघाले होते. बोटीच्या फळीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. तिला अर्ध्यातून ओढून काढलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. मग ना तू सुटतोस, ना ती परत येते. म्हणून भांडायला नाही, मागायला लिहिते.

तू माझा लाडका होतास. भूमिती पक्की कर, पास हो, आमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून हो. पण शाळा तिने मागितली होती रे. तिच्या जिभेवर बसून तू ती घेतलीस. तेव्हा जाताना सगळं बांधून नेऊ नकोस. थोडं ठेव तिच्यासाठी. गणितातलं काही, एखादी कविता, काहीही. थोरला भाऊ आहेस, अर्धी भाकर धाकटीला देतात.

उत्तर पाठव.

लिंदा

*

अंगोरे, १५ ऑगस्ट २००७

लिंदामावशी,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, हाताला सवय राहिली नाही.

मला बेलार्मिनोच्या होडीत चढल्याचं आठवतं. तो म्हणाला, "सांभाळून बस, फिलिंतो," आणि मला हसू आलं. मग एकदम पाऊस होता, मी पूर्वजांच्या झोपडीपुढे बसले होते आणि ओकिंका माझ्या डोक्यावरून पाणी ओतत होती. आई जोराने माझं नाव घेत होती. मी विचारलं, बुबाकला कधी जायचंय? सगळ्या बायका रडायला लागल्या, मग हसायला लागल्या.

आई म्हणते मी जानेवारीत तुला मोठं पत्र लिहिलं होतं, खाली माझंच नाव घालून. मी काय लिहिलं होतं? मला ते परत पाठवशील का?

तो पास झाला, मावशी. बुबाकमध्ये पहिला आला. मुख्याध्यापक स्वतः प्रमाणपत्र घेऊन होडीने आले. ओकिंकाने ते झोपडीत पूर्वजांच्या नावाने रोवलेल्या लाकडी खुंटांशेजारी टांगलं, आणि त्या दिवशी गाव नाचलं. फिलिंतो मोकळा झाला. आता किनाऱ्यावर कुणाला तो दिसत नाही. आईला झोप लागते. गोरी माणसं दारातून त्या प्रमाणपत्राचा फोटो काढतात, आणि वाटाड्या त्यांना सांगतो की हा सरकारचा परवाना आहे.

माझ्याकडे त्याच्या अकरा वह्या आहेत. मी त्या उघडून बसते. अक्षर त्याचं आहे, पण ही बोटं माझी होती ना? मधल्या बोटाला पेनाचा घट्टा आहे. एकाही गणिताचा अर्थ लागत नाही. मी अपूर्णांक करून बघितले, सहावीतले. तिथेच अडले जिथे अडायचे. एखादी ओळ तरी ओळखीची निघेल म्हणून सगळी पानं उलटली. काही नाही. तू त्याला काहीतरी मागितलं होतंस असं तुझी मैत्रीण आईला बोलली. त्याने ठेवलं नाही.

तो मोकळा झाला याचा मला खरंच आनंद आहे. त्याच्यावर राग आहे, तोही खरा आहे. गावात हे बोलता येत नाही. तुला बोलते. युक्ती माझी होती, शाळा त्याला मिळाली, आणि सगळे मला म्हणतात, केवढं पुण्य केलंस.

बायका म्हणतात, तू एकाचं पुरं केलंस, आता तू मोठी बाई झालीस, लग्नाचं बघू. मी नाही म्हटलं. मी सहावी पास आहे. वर्गात सगळ्यांहून थोराड दिसेन, हसू देत. मावशी, मला सातवीत घाल. हजेरीत माझं नाव घाल, आणि ते लिहिताना तू समोर उभी राहा.

तुझी,
ओदेत

*

बुबाक, २८ सप्टेंबर २००७

ओदेत पोरी,

गेस्ट हाउसमधून चार दिवसांची सुट्टी काढून आले आहे. तुला न्यायला मी स्वतः बेलार्मिनोच्या होडीने येते, परवा, समुद्र शांत असेल तर. आईला सांग, होडीत तुझ्या शेजारी मी बसणार आहे आणि तुझा हात धरणार आहे.

जानेवारीचं पत्र बरोबर आणते. ते तुझं आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोघी मिळून वाचू.

आज सकाळी शाळेत गेले. अंगणात दोन परदेशी बायका कॅमेरे घेऊन उभ्या होत्या, ती मुलगी कुठे बसते म्हणून विचारत होत्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. मग कारकुनापुढे उभी राहिले, सातवीच्या पटावर तुझं नाव आणि आडनाव घालायला लावलं, आणि शाई वाळेपर्यंत हलले नाही.

कारकून नवा आहे, पण चौकस. त्याने मागच्या वर्षीचा पट काढला, गाव बघितलं, घर बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, ही मुलगी गेल्या साली इथे नववीला होती ना? सगळी शाळा सांगते."

मी म्हटलं, "नाही. तो तिचा भाऊ."

लिंदामावशी